कोटणीसांच्या चरित्रातील शेवटचे पान

सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. भैय्या चौकाजवळचे त्यांचे स्मारक आपण येता-जाता पाहतो. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. मी स्वतः शाळेत असताना त्यांच्यावरचे भाषण पाठ करून बक्षीस मिळवले होते. ते भाषण चीनमधल्या एका खेड्यातील त्यांच्या मृत्यूपाशी संपे आणि टाळ्या पडत. त्या चरित्राला पुढे आणखी एक पान आहे, हे मला फार उशिरा कळले.

ते कळण्यापूर्वी आमच्या घरी एक प्रसंग घडला होता. माझी आत्या एका रुग्णालयात होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचेही नाव तेच. एके रात्री त्या बाईंचे इंजेक्शन आत्याला दिले गेले. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळू लागले. ज्या नर्सबाईंनी ते दिले होते त्यांच्याच ध्यानात चूक आली. त्या धावत डॉक्टरांकडे गेल्या आणि काही न लपवता सारे सांगून टाकले. आत्या वाचली. वडील मात्र संतापाने थरथरत होते. त्या बाईंची नोकरी घालवल्याशिवाय राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. आत्यानेच त्यांना थांबवले. बाई गप्प बसल्या असत्या तर आपण आज नसतो, एवढेच तिचे म्हणणे होते. दोघांपैकी बरोबर कोण, हे तेव्हा मला उमजले नाही.

पुढे महाविद्यालयात निबंधासाठी पुन्हा कोटणीसांकडे वळलो. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय मदत मागितली, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि त्यांच्यासोबत अठ्ठाविशीही न गाठलेले आपले कोटणीस. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली. तरी ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले आणि पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीवर गेले.

लहानपणी मला या चरित्रातला पराक्रम तेवढा दिसला होता. एकदा त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. भाषणात या वाक्याला आवाज चढवायचा, असे गुरुजींनी शिकवले होते. या खेपेला वाचताना माझे लक्ष दुसरीकडेच गेले. कोटणीस तिथे जाण्यापूर्वी त्या भागात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद काम करीत होते. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, ती चिघळून विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. पेनिसिलीन तेव्हा हाताशी नव्हते. एवढ्या मोठ्या शल्यविशारदाचा प्राण हातमोज्यांच्या एका जोडीअभावी गेला!

त्याच बेथ्यूनांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. शस्त्रक्रियेबरोबर ते तिथे विद्यार्थ्यांना शिकवीत. त्यासाठी ते चिनी भाषा शिकले आणि शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक त्या भाषेत लिहू लागले. भाषणात या गोष्टीला जागा नव्हती. मला आता ती फार मोलाची वाटते. शूर डॉक्टर स्वतःच्या हाताखाली आलेल्या रोग्याला वाचवतो. तो हात नसेल तेव्हाही रोगी सुरक्षित राहावा, यासाठी हातांनी काय करायचे ते कुणीतरी सांगावे, लिहावे आणि पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथल्या परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे जोडून त्याचे नाव यिन्हुआ ठेवले. अपस्माराचे झटके येत असतानाही कोटणीस काम करीतच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

माझे भाषण इथे संपत असे. पुढचे पान असे आहे. यिन्हुआ मोठा झाला आणि वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. पदवी हाती येण्याच्या बेतात असताना १९६७ साली तो वारला. वय अवघे चोवीस-पंचवीस. त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून उपचारातील चुकीची नोंद आढळते.

ती ओळ वाचून मी पुस्तक मिटले. ज्याच्या वडिलांच्या नावाने तो देश आजही मान लववतो, त्या मुलालाही ते नाव उपचारातल्या चुकीपासून वाचवू शकले नाही. चूक कोणाची आणि कशी झाली, हे मी सांगू शकत नाही. पण औषधाची कुपी रोग्याचे कूळ पाहत नाही, एवढे खरे. क्वो छिंगलान यांनी पतीमागोमाग मुलगाही गमावला आणि पुढे २०१२ पर्यंत त्या जगल्या. त्यांच्या मनात काय असेल, याची कल्पना करण्याचे धाडस मला होत नाही.

आज शस्त्रक्रियेच्या खोलीत काप घेण्यापूर्वी रोग्याचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने पडताळावी, शेवटी कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजावीत, अशी यादी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ साली दिली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या आत्याच्या खाटेपाशी त्या रात्री कोणी पूर्ण नाव विचारले असते, तर घरात तो प्रसंग आलाच नसता.

आता वाटते, वडील आणि आत्या दोघेही बरोबर होते. निष्काळजीपणाचा जाब विचारलाच पाहिजे. नाहीतर गरिबाच्या जिवाला किंमत उरणार नाही. पण चूक कबूल करणाऱ्यालाच आपण पहिला बळी केले, तर पुढची नर्स तोंड उघडणार नाही आणि पुढच्या खाटेवरची आत्या वाचणार नाही.

परवा स्मारकावरून जाताना मी क्षणभर थांबलो. पुन्हा कधी कोटणीसांवर बोलण्याची वेळ आली, तर मी यिन्हुआचे पानही वाचीन. तिथे टाळ्या पडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.