व्यक्तिपरिचय : फातिमा इस्माईल

स्वातंत्र्योत्तर काळात संसदेपर्यंत पोहोचलेल्या मुस्लीम स्त्रियांची संख्या अल्प आहे. त्यांपैकी मुंबईच्या फातिमा इस्माईल निवडणूक न लढवता, सेवाकार्याच्या बळावर राज्यसभेत गेल्या.

त्यांचा जन्म १९०३ मध्ये कापसाच्या व्यापारात असलेल्या सधन सोबानी कुटुंबात झाला. बंधू उमर सोबानी हे गांधीजींचे सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे विदेशी कापडाची होळी झाली, ती त्यांच्याच एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात. अशा घरात वाढलेल्या फातिमाबाईंनी १९४२ च्या लढ्यात भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य केले.

त्यांच्या लहानग्या कन्येला पोलिओ झाला आणि त्यांच्या कार्याला निराळे वळण लागले. उपचारांसाठी मद्रास, पुणे गाठणे त्यांना शक्य होते. गरीब मातांना ते शक्य नव्हते. ही विषमता त्यांनी मनाला लावून घेतली. १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या चौपाटीवरील जागेत त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. या कार्यातूनच पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वतःच्या मुलीवरील उपचार पूर्ण झाल्यावर त्यांना थांबता आले असते. त्या थांबल्या नाहीत, यातच त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे मर्म आहे.