मिताहारी लुइजी कॉर्नारो

इटलीमध्ये व्हेनिसजवळ पादुआ नावाचे प्राचीन नगर आहे. सोळाव्या शतकात तेथे लुइजी कॉर्नारो नावाचे एक श्रीमंत गृहस्थ राहत असत. वयाच्या चाळिशीत त्यांच्यावर वैद्यांचे सर्व उपाय थकले होते. तेच कॉर्नारो ऐंशी ओलांडल्यावर कोणाच्या आधाराशिवाय घोड्यावर चढत, जिने आणि टेकड्या चालून जात. मधल्या काळात त्यांना कोणतीही दुर्मीळ जडीबुटी सापडली नव्हती. रोजच्या सवयी तेवढ्या त्यांनी बदलल्या होत्या.

कॉर्नारो हे व्हेनिसमधील फार मोठे आडनाव. आपण त्याच उमराव घराण्याचे आहोत असा लुइजींचा दावा होता, पण व्हेनिसच्या सरकारने तो मान्य केला नाही आणि उमरावांना मिळणारी पदे त्यांना कधी मिळाली नाहीत. संपत्ती मात्र मामांकडून वारशाने आली. हाती पैसा, सोबतीला तरुण मित्र आणि रोजच्या मेजवान्या. खाण्यापिण्याला काही धरबंध उरला नाही. पस्तिशीच्या सुमारास शरीराने हिशोब मागायला सुरुवात केली. पोटदुखी, कुशीत कळा, सांधेदुखीची सुरुवात, अंगात सतत मुरलेला बारीक ताप आणि न भागणारी तहान. चार-पाच वर्षे हे असेच चालले.

वैद्यांनी त्यांना पथ्य सांगितलेच नव्हते असे नाही. आजाऱ्याचे अन्न खा, तेही थोडे खा, असे ते वारंवार सांगत. कॉर्नारो मात्र आवडेल ते पोटभर खात आणि वैद्यांपासून लपवून ठेवत. आजारी माणसे असेच करतात, हे त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवले. शेवटी वैद्यांनी स्पष्ट सांगितले की आता एकच मार्ग उरला आहे, नियमित आणि संयमित जीवन. तेही आजच सुरू केले नाही तर काही महिन्यांनंतर त्याचाही उपयोग होणार नाही. मृत्यू समोर दिसल्यावर त्यांनी ते मनावर घेतले. थोड्याच दिवसांत बरे वाटू लागले आणि वर्षभरात सर्व विकार गेले.

येथे थांबले असते तर कॉर्नारो हे नाव आज कोणाला माहीत नसते. बरे वाटल्यावर पथ्य सोडणारे आपल्या घरोघरी असतात. कॉर्नारो यांनी उलट स्वतःचीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. जे जिभेला रुचते ते पोटाला पचते, अशी तिकडे एक समजूत होती. ती खरी आहे का हे त्यांनी एकेक पदार्थ खाऊन तपासले. थंडगार वाइन, खरबूज व इतर फळे, कच्च्या भाज्या, मासे, डुकराचे मांस, कडधान्ये, पेस्ट्री हे सारे त्यांना मनापासून आवडत होते आणि यांतले काहीही त्यांना सोसत नव्हते. ते सर्व त्यांनी सोडले. अजून दोन घास जातील असे वाटत असतानाच ताटावरून उठायचे, हा दुसरा नियम. हळूहळू प्रमाण ठरले. पाव, अंड्याचा बलक, थोडे मांस आणि सूप मिळून दिवसाला १२ औंस अन्न, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, आणि १४ औंस वाइन. (वाइन तेव्हा तेथे रोजच्या जेवणाचाच भाग समजली जाई. आपण ती घ्यावी असा याचा अर्थ नाही.)

सवयी फक्त ताटातल्या नव्हत्या. कडक ऊन, कडाक्याची थंडी, अतिश्रम, जागरण आणि दूषित हवा यांपासून ते जपून राहू लागले. राग, द्वेष आणि खिन्नता हेही त्यांनी आरोग्याचे शत्रूच मानले. मात्र या भावना पूर्ण जिंकल्याचा दावा त्यांनी केला नाही. आहार नीट असला की त्यांचा आघात कमी बसतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सत्तरीत त्यांची बग्गी उलटली. घोडे त्यांना बरेच अंतर फरफटत घेऊन गेले. डोके आणि सर्व अंग ठेचले, एक हात आणि एक पाय निखळला. हे तीन दिवसांत जाणार, असे वैद्यांना वाटले. रक्त काढणे आणि जुलाब देणे हा त्या काळचा नेहमीचा उपाय. कॉर्नारो यांनी दोन्हीला नकार दिला, हात-पाय बसवून घेतले, अंगाला तेल लावून घेतले आणि ते बरे झाले.

खरी कसोटी पुढेच होती. वयाच्या ७८ व्या वर्षी घरचे, मित्र आणि वैद्य सर्व मिळून त्यांच्या मागे लागले. म्हातारपणी इतके थोडे खाऊन कसे भागेल? शरीराला जोर नको का? आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह ज्याने सोसला आहे, त्याला हा प्रसंग लगेच कळेल. वैऱ्याला नाही म्हणता येते, पण प्रेमाने वाढणाऱ्याला कसे म्हणणार? कॉर्नारो यांना हे पटत नव्हते, तरी त्यांनी त्यांचे मन राखले. अन्न १२ वरून १४ औंस केले आणि पेय १४ वरून १६. वाढले ते फक्त दोन-दोन औंस, आपल्या हिशोबाने दोन लहान वाट्याही नाहीत. दहा-बारा दिवसांत त्यांचा आनंदी स्वभाव पालटला. ते चिडचिडे झाले, काय बोलावे, काय करावे हे सुचेना. मग कुशीत तीव्र कळ आली आणि पाठोपाठ ताप, तो ३५ दिवस राहिला. सर्वांनी आशा सोडली. त्यांनी पुन्हा आपले जुने प्रमाण धरले आणि ते वाचले. त्यानंतर घरच्यांनी आग्रह केला नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण मला या माणसाची शेती आणि आरोग्य यांत एकच स्वभाव दिसतो. पादुआच्या परिसरात तेव्हा दलदल पुष्कळ होती. कॉर्नारो यांनी पाण्याचा निचरा करून पडीक जमीन लागवडीखाली आणली, तेथे वस्ती वाढवली आणि पाण्याच्या व्यवस्थेवर लेखनही केले. वास्तुकार फाल्कोनेत्तो यांच्याकडून १५२४ मध्ये त्यांनी आपल्या अंगणात नाटकांसाठी बांधून घेतलेली कमानींची वास्तू पादुआत आजही पाहता येते. रुझान्ते या नाटककाराला त्यांनीच आश्रय दिला होता. त्यामुळे कमी खाणारा म्हणजे रुक्ष, कोपऱ्यात बसलेला माणूस, हे चित्र त्यांना मुळीच लागू पडत नाही. एकुलत्या मुलीच्या अकरा मुलांचा गलबला घरात असे आणि आजोबा त्यांच्याबरोबर गात. उतारवयात आवाज पूर्वीपेक्षा मोकळा झाला, याचे त्यांना मोठे कौतुक होते.

संयमित जीवनावरचा त्यांचा पहिला निबंध १५५८ मध्ये पादुआत छापला गेला. पुढे त्यांनी आणखी तीन लिहिले. १६१३ मध्ये लॅटिन आणि १६३४ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले. इंग्रजी भाषांतर करणारे कवी जॉर्ज हर्बर्ट स्वतः मात्र चाळिशीच्या आतच वारले. आयुष्याची दोरी केवळ आहाराच्या हाती नसते, हे यावरूनही दिसते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांनी तर या पुस्तकावर कडक टीका केली. त्यांच्या मते कॉर्नारो थोडे खाल्ल्यामुळे दीर्घायुषी झाले नाहीत. त्यांची प्रकृतीच अशी होती की जास्त खाल्ले की ते आजारी पडत. या आक्षेपात तथ्य आहे. पण कॉर्नारो यांनीही आपले १२ औंस दुसऱ्या कोणावर लादले नव्हते. ज्याने त्याने आपली प्रकृती पाहून प्रमाण ठरवावे, असेच ते सांगत. म्हणून मधुमेही, अशक्त किंवा वृद्ध परिजनांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार एकदम कमी करू नये.

त्यांच्या वयाबद्दल मतभेद आहेत. स्वतः ते शेवटच्या निबंधात पंच्याण्णव वर्षांचे असल्याचे सांगतात. अनेक आधुनिक अभ्यासक त्यांचा जन्म १४८४ च्या सुमाराचा मानतात. तसे धरले तरी चाळिशीत जे आयुष्य संपत आले होते, ते दुप्पट झाले. १५६६ मध्ये पादुआत त्यांचे निधन झाले. तिंतोरेत्तो यांनी काढलेले त्यांच्या म्हातारपणाचे चित्र फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे.