वर्षभरासाठी गेलेले डॉक्टर

सुट्टीत परदेशात जाऊन आरोग्य शिबिरात काम करायचं, ही कल्पना हल्ली कॉलेजांत चांगलीच रुजलीय. दोन आठवडे, फार तर महिना. रक्तदाब मोजायचा, गोळ्या वाटायच्या, पोरांसोबत फोटो काढायचे आणि सर्टिफिकेट घेऊन परत यायचं. त्यात वाईट काहीच नाही. पण असा फॉर्म भरायच्या आधी सोलापूरच्या एका डॉक्टरची गोष्ट वाचा. तेसुद्धा ठराविक मुदतीसाठीच गेले होते.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म 10 ऑक्टोबर 1910. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून, म्हणजे आपल्या केईएममधून, ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. सरळ रस्ता होता : पदव्युत्तर पदवी, मग दवाखाना, मग लग्न. घरच्यांनीही तेवढंच धरलं असणार.

1937 मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. 1938 मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. आपण स्वतः पारतंत्र्यात, तरी लोकांनी वर्गणी काढली, बावीस हजार रुपये जमले, एक अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. अटल स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. कोटणीसांना असा काही अनुभव नव्हता. अठ्ठावीस पूर्ण व्हायलाही महिनाभर बाकी होता. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली. मुदत ठरली होती एका वर्षाची.

आता हे वर्ष कसं गेलं ते बघा. आधी हानको. शहर पडायच्या बेतात, म्हणून तिथून निघून यांगत्से नदीने वर चुंगकिंगला. तिथून ट्रकने येनानला पोचेपर्यंत 1939 चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे जवळपास सहा महिने प्रवासात आणि वाट पाहण्यातच गेले. दरम्यान सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. अशा वेळी परत फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते पुढे गेले.

आणि भाषा? रोग्याला कुठे दुखतंय हे विचारायलाही दुभाषा लागायचा. सर्जन असून हात बांधल्यासारखे. कोटणीस चिनी शिकायला बसले. पाचही जणांनी चिनी नावं घेतली होती, प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ.

वर्ष संपलं. सोबतचे एकेक करून परतू लागले. आजारपण, वय अशी खरी कारणं होती. त्यांना पळपुटे म्हणणं मला पटत नाही, ते जाऊन आले हेही मोठंच. कोटणीस आणि बसू थांबले, आणि आज आपण ज्यासाठी कोटणीसांचं नाव घेतो ते जवळजवळ सगळं काम यानंतरचं आहे.

नोव्हेंबर 1939 मध्ये कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली आणि रक्तात विष भिनलं. 1940 मध्ये कोटणीस त्याच भागात आले. जपानी फौजांचा वेढा, डोंगराळ मुलूख, हॉस्पिटल म्हणजे शेतकऱ्यांची घरं. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून दुसरं गाव गाठायचं. रोजचं जेवण राळ्याचं. (आपल्याकडच्या आजीला विचारा, राळे म्हणजे काय ते ती सांगेल.) त्या वर्षीच्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. आठशेच्या वर जखमी त्यांच्याकडे आले होते म्हणे.

जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन वर्षांपूर्वी दुभाषा लागणारा हा माणूस आता खेड्यातल्या पोरांना चिनीत सर्जरी शिकवत होता. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. एक परदेशी डॉक्टर किती जणांना टाके घालणार? शिकवलेले पन्नास जण मात्र तो नसतानाही घालत राहतात.

तिथेच त्यांची गुओ छिंगलानशी ओळख झाली. ती नर्सिंग शिकवायची. 1941 च्या अखेरीस लग्न झालं, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा. नाव यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

तब्येत मात्र साथ देत नव्हती. फिट्स यायच्या. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं वरिष्ठांनी सुचवलं, ते गेले नाहीत. हा निर्णय बरोबर होता का? डॉक्टरने स्वतःच्या दुखण्याकडे असं दुर्लक्ष करावं का, हा प्रश्न आजही कुणी मेडिकलचा विद्यार्थी विचारू शकतो, आणि विचारावाच. 9 डिसेंबर 1942 ला फिट्सनीच त्यांचा अंत झाला. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पाठ्यपुस्तक अर्धवट राहिलं.

बसू 1943 मध्ये भारतात परतले. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. यिनहुआ मोठा होऊन वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, पण 1967 मध्ये ऐन पंचविशीत तोही गेला. गुओ छिंगलान 2012 पर्यंत होत्या. त्या भारतात सासरच्या माणसांना भेटायला येत राहिल्या.

सोलापुरातलं कोटणीसांचं घर आता स्मारक आहे. तिकडे चीनमध्ये शिच्याच्वांग शहरात के दिहुआ यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं आधी अंगणातल्या त्यांच्या पुतळ्यासमोर उभी राहतात, शपथ घेतात आणि मग कामाला जातात.