झेंड्यावर रोटी, विजय साखरखेर्ड्यात: पहिल्या निजामाचा बुलढाण्याशी काय संबंध?

पिवळे कापड आणि मधोमध पांढरा गोल. हैदराबादच्या निजामाचा हा झेंडा अनेकांनी जुन्या छायाचित्रांत किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये पाहिला असेल. तो गोल चंद्र वाटतो, पण आहे रोटी. नेमके सांगायचे तर कुलचा, म्हणजे जाडसर गोल रोटी.

हा झेंडा कुणाला जुन्या हैदराबादच्या वैभवाची खूण वाटतो, तर मराठवाड्यात तो पाहून रझाकारांचे दिवस आठवतात. बुलढाणा जिल्ह्याचा त्याच्याशी दोनदा संबंध आला. ज्या लढाईने निजाम घराण्याची सत्ता पक्की झाली, ती याच जिल्ह्यात झाली. त्यानंतर २१२ वर्षांनी हाच झेंडा एका करारामुळे जिल्ह्यात फडकवण्याचे ठरले. हे समजण्यासाठी घराण्याच्या मूळ पुरुषापासून सुरुवात करावी लागते.

कोण होता पहिला निजाम?

त्याचे नाव मीर कमरुद्दीन. जन्म १६७१ चा. घराणे मध्य आशियातून आलेले. आजोबा आबिदखान औरंगजेबाचा सरदार होता. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन तो मेला. वडील गाजीउद्दीन फिरोजजंग हेही मोगलांचे मोठे सेनापती. आई शाहजहानचा वजीर सादुल्लाखान याची मुलगी.

कमरुद्दीनची उमेद दख्खनच्या मोहिमांतच गेली. औरंगजेबाने त्याला चिन किलिचखान हा किताब दिला आणि विजापूरची सुभेदारीही दिली. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि दिल्लीत गादीची भांडणे सुरू झाली. १७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहाने त्याला निजाम-उल-मुल्क हा किताब आणि दख्खनची सुभेदारी दिली. दोनच वर्षांत ती काढूनही घेतली. त्या वेळी दिल्लीत सय्यद बंधूंची चलती होती.

दख्खन त्याच्या हाती कशी आली?

१७२० मध्ये तो माळव्यातून नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला. असीरगड आणि बुऱ्हाणपूर त्याने ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आजच्या अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ त्याने सय्यदांचा पुतण्या आलमअली याचा पराभव केला. १७२२ मध्ये मुहम्मदशहा बादशहाने त्याला वजीर केले. पण दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून त्याने पुन्हा दख्खनची वाट धरली.

बादशहाला हे रुचले नाही. त्याने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला आतून दख्खनची सुभेदारी देऊ केली. निजामाला हटवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली.

साखरखेर्ड्यात काय घडले?

दोन्ही फौजा ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे भिडल्या. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात आहे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेला हाच तो तालुका. लढाईत मुबारिझखान मारला गेला. विजयाची आठवण म्हणून निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा केले. ते कागदोपत्री काही काळ राहिले, लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच टिकले.

बादशहापुढे आता पर्याय उरला नाही. १७२५ मध्ये त्याने निजामाची दख्खनची सुभेदारी मान्य केली आणि आसफजाह हा किताब दिला. घराण्याला आसफजाही म्हणतात ते यावरून.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जिंकल्यावरही त्याने स्वतःला राजा म्हणवले नाही. नाणी मोगल बादशहाच्या नावानेच पडत राहिली आणि खुतब्यातही बादशहाचेच नाव राहिले. सत्ता स्वतःची, नाव दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती.

मग झेंड्यावर रोटी कुठून आली?

यामागे घराण्यात सांगितली जाणारी आख्यायिका आहे. निजाम-उल-मुल्क औरंगाबादचे सूफी संत हजरत निजामुद्दीन यांच्या भेटीला गेला. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले. भूक लागली होती, त्याने सात खाल्ले. तेव्हा तुझे वंशज सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला, अशी ही कथा. कापडाचा रंग झेंड्याला आला आणि कुलचा मधोमध बसला.

हिशेब जुळतोही. पहिल्या निजामापासून शेवटचा सत्ताधीश मीर उस्मान अली खान याच्यापर्यंत मोजले तर सात पिढ्या होतात. मात्र गादीवर बसलेले दहा जण होते. १७४८ ते १७६२ या काळातले तिघे आसफजाह क्रमांकाच्या यादीत धरले जात नाहीत.

आख्यायिका खरी की नंतर रचलेली, यापेक्षा ती काय सांगते हे महत्त्वाचे. राज्य तलवारीने मिळाले, पण झेंड्यावर तलवार नाही, संताचा प्रसाद आहे. साखरखेर्ड्याचे रक्त त्या पिवळ्या कापडावर कुठेच दिसत नाही.

मराठ्यांशी त्याचे नाते कसे होते?

कधी वैर, कधी तह. त्याने छत्रपती शाहूंच्या विरोधात कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून पाहिले. बाजीराव पेशव्यांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे त्याला कोंडीत पकडले. त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला आणि चौथाई, सरदेशमुखीचे हक्क मान्य करावे लागले. दहा वर्षांनी भोपाळजवळही तेच झाले. १७३९ मध्ये नादिरशहाची स्वारी आली, तेव्हा वाटाघाटींसाठी दिल्लीला हाच म्हातारा सरदार आठवला.

१७४८ मध्ये बुऱ्हाणपूर येथे त्याचे निधन झाले. खुलताबादला, औरंगजेबाच्या कबरीपासून जवळच त्याची कबर आहे. वारसांसाठी त्याने मागे ठेवलेल्या उपदेशात मराठ्यांशी जुळवून घ्यावे, असेही सांगितले होते.

झेंडा बुलढाण्यात परत कसा आला?

१८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. जमीन नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा.

सातव्या निजामाने वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली. अखेर १९३६ च्या करारात नावापुरती भरपाई मिळाली. निजामाच्या वारसाला वऱ्हाडचा राजपुत्र हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्यासोबत निजामाचाही झेंडा फडकवायचे ठरले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे वऱ्हाडचे चार जिल्हे. करार व्हाइसरॉय आणि निजाम यांच्यात झाला. डोक्यावर कोणाचा झेंडा हवा, हे चार जिल्ह्यांतल्या लोकांना कुणी विचारले नाही.

मग या झेंड्याचा अर्थ कोणता धरायचा?

१५ ऑगस्ट १९४७ ला सिंदखेडराजा स्वतंत्र भारतात होते. शेजारचे जालना मात्र निजामाच्या राज्यात. हैदराबादेत त्याच दिवशी तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. एकच पिवळा झेंडा हद्दीच्या अलीकडे कागदावरचा मान होता, पलीकडे तुरुंगाची भीती. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाईनंतर ती भीती संपली.

जुना झेंडा आज स्टेटसला, मिरवणुकीत किंवा कार्यक्रमाच्या मंचावर निवडताना बहुतेक वेळा फक्त चित्र पाहिले जाते. निजामाच्या झेंड्याचे चित्र तर अगदी निरुपद्रवी आहे, भुकेल्याला मिळालेली एक रोटी. पण झेंड्याचा अर्थ चित्रावरून ठरत नाही. तो कोणाच्या डोक्यावर, कोणाला न विचारता लावला गेला, यावरून ठरतो. साखरखेर्डा ते जालना हे अंतर फार नाही, पण तेवढ्यातही हा अर्थ बदलतो.