सायकलच्या दुकानातले विल्बर राइट

विमान राइट बंधूंनी बनवले, हे आपल्या शाळेतील चौथीचा विद्यार्थीही सांगेल. त्यांचे सायकलचे दुकान होते, हेही पुस्तकात एका ओळीत येऊन जाते. आम्हाला खरी गोष्ट त्या एका ओळीतच दिसते, म्हणून थोरले बंधू विल्बर यांचे चरित्र येथे दुकानाच्या बाजूने देत आहोत.

विल्बर यांचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील ख्रिस्ती धर्मगुरू. हत्यारे हाताळण्याची हातोटी मुलांना आईकडून मिळाली. तिचे वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. अभ्यासात हुशार असलेल्या विल्बरना येल विद्यापीठात पाठवण्याचे घरात चालले होते. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, दात गेले आणि प्रकृतीही खालावली. येल राहून गेले ते कायमचेच. पुढे ते घरी वाचत बसत आणि क्षयाने आजारी आईची शुश्रूषा करत. १८८९ मध्ये ती गेली.

१८९२ मध्ये विल्बर आणि धाकटे ऑर्व्हिल यांनी ओहायो राज्यातील डेटन गावी सायकलचे दुकान काढले. आधी विक्री आणि दुरुस्ती. १८९६ पासून ते स्वतः सायकली बनवू लागले. पोलादी नळ्या मापात कापायच्या, सांधे पितळेने झाळून फ्रेम उभी करायची, मग रंगाचे हात द्यायचे. मागणी येईल तशी एकेक सायकल हाताने तयार होई. उत्तम प्रतीच्या सायकलीला त्यांनी ‘व्हॅन क्लीव्ह’ हे आपल्या पूर्वजांचे नाव दिले. तिचे हब धूळ आत न शिरणारे आणि तेल धरून ठेवणारे होते. डावे पेडल चालता चालता सैल होऊन निघे, म्हणून त्याला उलटे आटे पाडले. यंत्रे चालवण्यासाठी लागणारे गॅसचे इंजिनही घरचेच!

सायकल सोडून दिली की पडते. बसणारा तिला क्षणोक्षणी सावरतो. उडणारे यंत्रही असेच सावरावे लागणार, हे या बंधूंनी ओळखले. इतर अनेकजण मात्र आपोआप स्थिर राहणाऱ्या विमानाच्या मागे होते. १८९९ मध्ये दुकानात ट्यूबचे रिकामे लांबट खोके हातात पिळताना विल्बरना पंख पिळून तोल साधण्याची युक्ती सुचली. १९०१ मध्ये त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर पंखाचा नमुना लावला आणि पेडल मारत वाऱ्याचा जोर तपासला. नंतरच्या वातबोगद्यातील तराजूलाही सायकलच्या आऱ्यांचीच तार होती.

१९०३ च्या विमानाचे इंजिन दुकानातील मेकॅनिक चार्ली टेलर यांनी सहा आठवड्यांत बनवले. दोन्ही पंखे साखळीने फिरत. त्यांची दातेरी चाके सारखी ढिली होत, तेव्हा टायर चिकटवण्याचा डिंक कामी आला. १७ डिसेंबरला किटी हॉक येथे चार उड्डाणे झाली. शेवटचे विल्बर यांचे, ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे.

३० मे १९१२ रोजी विषमज्वराने विल्बर गेले, तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. दुकानाची इमारत हेन्री फोर्ड यांनी १९३७ मध्ये डेटनहून उचलून डियरबॉर्न येथील आपल्या संग्रहालयात नेऊन उभी केली.