पंडिता रमाबाई : शारदा सदन आणि श्रद्धेची वाढ

पंडिता रमाबाईंचे धर्मांतर ही एका दिवसात घडून गेलेली घटना होती, असे मानून त्यांच्या चरित्राची मांडणी पुष्कळदा केली जाते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे खरे. परंतु त्यांच्या ख्रिस्ती जीवनाची वाढ झाली ती मुख्यत्वे पुण्यात, आणि तीही विरोधाच्या वातावरणात.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या पतिनिधनानंतर १८८२ साली पुण्यास आली. आर्य महिला समाजाची स्थापना त्याच वर्षीची. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा त्यांच्यावर परिणाम झाला असला, तरी त्यांचे अंतःकरण हलले ते लंडनमधील फुलहॅम येथे. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी ज्या ममतेने वागवीत, तिचा उगम त्यांना शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडला. बुद्धी मात्र स्वस्थ नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्ररूप वाद बाप्तिस्म्यानंतरही चालूच राहिला.

१८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. याच काळात, वाचन व आत्मपरीक्षण यांतून, आपण धर्ममत स्वीकारले असले तरी ख्रिस्ताशी आपला जिवंत संबंध जुळलेला नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे अभिवचन त्यांनी दिलेले होते. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार मात्र उघडे असे, आणि काही विद्यार्थिनी आपण होऊन आत येऊन बसत. रमाबाईंनी दार लावले नाही. ज्या बालविधवांना त्यांच्यावाचून दुसरा आधार नव्हता, त्यांच्यावर या उघड्या दाराचा प्रभाव पडणार नव्हता असे म्हणता येत नाही; विरोधकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या, ही गोष्ट वादाच्या धुरळ्यात फारशी कोणी ध्यानात घेतली नाही.

वादपटू रमाबाई यानंतर हळूहळू मागे पडतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे या मुलींची सोय केडगावी करावी लागली आणि तेथे 'मुक्ती'ची वसाहत उभी राहिली. फुलहॅमला पाहिलेले कार्य कृपा सदनाच्या रूपाने मराठी मुलुखात आले ते येथेच.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास त्यांच्या चिकाटीचा खरा पुरावा त्यांच्या बायबल-भाषांतरात मिळतो. संस्कृतात पारंगत असलेली ही पंडिता उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकली, आणि अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून तिने आपल्या पांडित्याची भाषा जाणूनबुजून बाजूला ठेवली. मूळ शब्दरचनेला धरून राहण्याच्या आग्रहामुळे हे भाषांतर ठिकठिकाणी अवघडलेले वाटते, हा दोष मान्य केला पाहिजे. जुळणी व छपाई केडगावच्या स्त्रियांनीच केली. कन्या मनोरमा १८२१ नव्हे, १९२१ च्या जुलैत, या कामाच्या ऐन अखेरीस वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.