संत आगुस्तीन ह्यांचें किशोरवय

प्रतिवर्षीं ऑगस्ट महिन्याच्या २८ तारखेस ख्रिस्तसभा संत आगुस्तीन ह्यांचा सण पाळते. डोक्यावर बिशपांचा मुकुट, एका हातांत ग्रंथ व दुसऱ्या हातांत पेटतें हृदय, असें त्यांचें चित्र आमच्या वाचकांनीं पाहिलें असेलच. जुन्या गोव्याची यात्रा केलेल्यांनीं त्यांच्या नांवाच्या संघानें बांधलेल्या मंदिराचा एकटाच उभा राहिलेला मनोराही पाहिला असेल. त्या संघाचे धर्मगुरु १५७२ सालीं तेथें आले होते. परंतु ह्या थोर आचार्यांनींही एके काळीं शाळेंत मार खाल्ला आणि आईबापांच्या कोठारांतून खाऊ चोरला, ही गोष्ट चित्रावरून कळत नाहीं. महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेसाठीं एखाद्या संताचें चरित्र लिहून द्यावें असा आम्हांस आग्रह झाला, तेव्हां त्यांच्या कोवळ्या वयाचीच कथा सांगण्याचें आम्हीं ठरविलें. प्राचीन रोमन लोकांत मुलें कशीं वाढत, ह्याची माहिती पुष्कळ ठिकाणीं मिळते. पण त्या वयांत स्वतःस काय वाटलें, हें मोठेपणीं इतक्या उघडपणें लिहून ठेवणारा दुसरा रोमन मनुष्य आम्हांस ठाऊक नाहीं. कथा मुलाची असल्यामुळें आम्ही त्यास व त्याच्या मातोश्रीस एकेरीच संबोधणार आहों. वाचकांनीं त्यांत अनादर मानूं नये.

इ. स. ३५४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १३ तारखेस उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते ह्या लहानशा नगरांत आगुस्तीनाचा जन्म झाला. आज तें स्थळ अल्जीरिया देशांत असून त्यास सूक अहरास म्हणतात. रोम शहर समुद्रापलीकडे दूर राहिलें, तथापि इ. स. २१२ पासून साम्राज्यांतील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांस रोमन नागरिकत्व मिळालें होतें, आणि कायदा, शाळा, स्नानगृहें, नाटकशाळा हीं सर्व ह्या आफ्रिकेंतील गांवांतही रोमन पद्धतीचींच होतीं. बाप पात्रिसियुस हा नगरसभेचा सभासद होता. हा मान मोठा दिसे, पण फार जड होता, कारण त्या काळीं सरकारी कराची वसुली तुटल्यास सभासदांस पदरची भर घालावी लागे. पात्रिसियुसाजवळ थोडी जमीन व एक द्राक्षमळा होता. ह्या ओढाताणींतून वर येण्याचा मार्ग एकच: मुलानें वक्तृत्वविद्या शिकावी, आणि न्यायसभेंत किंवा राजदरबारीं नांव काढावें. ह्या एका आशेवर त्या घराचें लक्ष खिळलें होतें.

आई मोनिका ही ख्रिस्ती घरांत वाढलेली. तिच्या स्वतःच्या मुलीपणाची एक गोष्ट पुत्रानें जपून ठेविली आहे. तिच्या माहेरीं एक वृद्ध दासी होती. मोनिकेच्या बापासही त्या दासीनेंच लहानपणीं पाठीवर खेळविलें होतें. जेवणाच्या वेळेवांचून मुलींनीं पाण्याचा घोटही घेऊं नये, अशी तिची शिस्त. पुढें मोनिका थोडी मोठी झाली, तेव्हां पिपांतून द्राक्षारस काढून आणण्याचें काम तिजकडे आलें. प्रथम गंमत म्हणून तिनें ओठ ओले केले, मग रोज थोडें थोडें करीत पेलेच्या पेले रिचविण्याची तिला चटक लागली. एके दिवशीं बरोबरच्या लहान दासीनें भांडणांत तिला दारूबाज म्हणून हिणविलें. तो बोल तिला असा झोंबला कीं ती संवय तिनें त्या क्षणींच सोडली. वृद्ध दासीच्या कडक शिस्तीनें जें झालें नाहीं, तें लहान दासीच्या टोमण्यानें झालें! रोमन कायद्याप्रमाणें मुलीचें लग्न बाराव्या वर्षींही होऊं शके. मोनिकाही वयांत येतांच पात्रिसियुसाच्या घरीं आली. नवरा मूर्तिपूजक, तापट आणि बाहेरख्याली. मात्र त्यानें तिजवर कधीं हात उगारला नाहीं. शेजारच्या कित्येक बायका तोंडावर वळ घेऊन वावरत असत, त्यांस ह्याचें मोठें नवल वाटे.

आईनें बाळास जन्मतःच क्रुसाची खूण करवून व मीठ चाखवून दीक्षार्थी केलें होतें. पुढें पोटाच्या दुखण्यानें मुलगा मरणोन्मुख झाला, तेव्हां त्यानें स्वतःच बाप्तिस्मा मागितला. तयारी चालली होती, इतक्यांत त्यास उतार पडला, आणि पुढें तारुण्यांत पापें घडतीलच, तेव्हां आतांच घाई कशाला, अशा त्या काळच्या समजुतीनें तो संस्कार लांबणीवर पडला.

आतां शाळेकडे वळूं. मेण थापलेल्या लाकडी पाट्या, त्यांवर अक्षरें कोरण्याची टोकदार लेखणी, आणि गुरुजींच्या हातीं वेत, एवढा त्या शाळेचा संसार. एक आणि एक दोन, दोन आणि दोन चार, असा घोष मुलांनीं एका सुरांत करावयाचा; तो आगुस्तीनास नकोसा होई. त्यास चेंडू खेळणें फार आवडे, आणि त्यापायींच तो मार खाई. मार चुकावा म्हणून ह्या मुलानें देवाचा धांवा करण्यास आरंभ केला. आपल्या प्रार्थनांविषयीं त्यानें जें लिहिलें आहे, त्यांत सर्वांत आधींची प्रार्थना हीच: आज शाळेंत मला मारूं नये. घरीं येऊन तो वळ दाखवी, तेव्हां वडील मंडळी हंसत, आणि त्यांत त्याचे आईबापही असत. तीं दुष्ट होतीं असें नव्हे. मुलगा मोठा व्हावा, मार खाल्ल्यावांचून विद्या येत नाहीं, असें त्यांस मनापासून वाटे. परंतु तें हंसणें तो मुलगा विसरला नाहीं. पुष्कळ वर्षें उलटल्यावर, स्वतः बिशप झाल्यावर, कन्फेशन्स नांवाच्या आपल्या ग्रंथांत त्यानें तें लिहिलें. तेथेंच त्यानें आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. चेंडूच्या खेळांत हरल्यावर मुलगा चिडतो म्हणून त्यास झोडपणारे गुरुजी स्वतः एखाद्या क्षुल्लक वादांत दुसऱ्या पंडिताकडून हरले, तर त्या मुलाहून अधिक जळत.

ग्रीक भाषेचा त्यास तिटकारा होता. परक्या भाषेचे शब्द भीति घालून घशाखालीं उतरविले जात, म्हणून होमरासारखा गोड कवीही त्यास कडू लागला. आम्हीही सेमिनरींत लॅटिनचे प्रत्यय घोकले आहेत, त्यामुळें ह्या तक्रारीविषयीं आमच्या मनांत पूर्ण सहानुभूति आहे! आगुस्तीनास मात्र लॅटिन जड गेलें नाहीं. ती भाषा तो दायांच्या लाडांत व थट्टामस्करींत, माराच्या भीतीवांचून शिकला होता. वर्जिल कवीच्या काव्यांतील दिदो राणीच्या मरणावर तो ढळढळां रडला. जूनो देवतेच्या संतापाचें भाषण स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखविण्याच्या चढाओढींत त्यानें सर्वांवर ताण केली, तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याकरण चुकलें तर मोठा बोभाटा, आणि खोटें बोललें तर कोणी विचारीत नसे, असें त्या शिक्षणाचें त्यानें पुढें वर्णन केलें आहे. खोटेंही तो पुष्कळ बोले. गुरुजींस फसवी, खेळांत लबाडी करी, आणि कोठारांतून चोरलेला खाऊ सवंगड्यांस देऊन त्यांच्याकडून खेळ मिळवी.

तागास्त्यांतील शाळा संपल्यावर त्यास जवळच्याच मदौरा नगरीं धाडण्यांत आलें. तेथून पुढें कार्थेजला पाठवावयाचें, पण पैसा पुरेना. म्हणून इ. स. ३७० च्या सुमारास, सोळाव्या वर्षीं, तो घरीं परत आला, आणि बाप पैसा जमवीपर्यंत एक वर्ष रिकामा बसून राहिला.

ह्या वर्षाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. एके दिवशीं सार्वजनिक स्नानगृहांत पात्रिसियुसाच्या ध्यानांत आलें कीं, आपला पोर आतां पोर राहिला नाहीं. तो आनंदानें घरीं गेला आणि नातवंडें दिसूं लागल्याप्रमाणें बायकोस सांगूं लागला. मोनिकेच्या काळजांत धस्स झालें. तिनें मुलास एकांतीं घेऊन परस्त्रीपासून दूर राहण्याविषयीं कळकळीनें बजाविलें. त्यास तें बायकी बोलणें वाटलें. त्याकडे लक्ष देण्याचीही त्यास लाज वाटली. तथापि त्याचें लग्न करून देण्याचा विचार मोनिकेनेंही पुढें रेटला नाहीं, कारण बायकोचें लोढणें गळ्यांत पडलें तर शिक्षण खुंटेल अशी भीति तिलाही होतीच. संत आगुस्तीनांनीं ह्या बाबतींत आपल्या पुण्यशील मातेसही दोष दिला आहे, आणि आमच्या मतें तो यथार्थ आहे. बापानें देह पाहिला, आईनें धोका पाहिला, परंतु मुलाच्या मनांत काय चाललें आहे, हें त्या घरांत कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.

विचारणारे बाहेर होते. गल्लींतील सोबती आपापल्या पापांच्या बढाया मारीत, आणि आपण त्यांच्याहून कमी निर्लज्ज ठरूं नये म्हणून आगुस्तीन न केलेलीं पापेंही केल्याचें सांगे. एके रात्रीं उशिरांपर्यंत खेळून झाल्यावर ही टोळी त्याच्या द्राक्षमळ्याशेजारच्या एका नासपतीच्या झाडाकडे गेली, झाड हलवून सर्व फळें पाडलीं आणि ओझींच्या ओझीं वाहून नेलीं. फळें दिसावयास चांगलीं नव्हतीं, चवीलाही नव्हतीं. घरीं त्याहून चांगलीं होतीं. एखाददुसरें चाखून बाकीचीं डुकरांपुढें टाकलीं. एवढ्याशा चोरीवर ह्या महापंडितानें इतकीं पानें कां खर्चिलीं, असें कित्येकांस वाटतें. मुलांचें पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंस हा प्रश्न पडणार नाहीं. मी एकटा असतों तर तें केलें नसतें, असा त्यांनीं स्वतःच शेवटीं निर्वाळा दिला आहे. फळांची भूक त्यास नव्हतीच. चला, करूं या, असें कोणी म्हटल्यावर मागें राहण्याची त्यास लाज वाटली.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. रोमानियानुस नांवाच्या गांवच्या एका धनिकानें हातभार लाविला आणि सतराव्या वर्षीं आगुस्तीन कार्थेजला पोंचला. त्याच सुमारास बाप वारला; मरणापूर्वीं तो ख्रिस्ती झाला होता. कार्थेजच्या विद्यार्थ्यांत एक दांडगी टोळी होती. नवख्या भित्र्या मुलांस गांठून त्यांची टर उडविणें, हा तिचा उद्योग. आगुस्तीन त्यांच्या संगतींत राही, त्यांच्या कृत्यांचा त्यास वीट येई, आणि आपण त्यांच्यासारखे नाहीं ह्याची त्यास लाजही वाटे. नाटकशाळेंत जाऊन तो परक्यांच्या खोट्या दुःखावर रडे. लवकरच त्यानें एका स्त्रीबरोबर विवाहावांचून संसार मांडला, आणि पुरता वीस वर्षांचा होण्याआधींच तो बाप झाला. मुलाचें नांव अदेओदातुस, म्हणजे देवानें दिलेला. त्या स्त्रीचें नांव मात्र त्यानें कोठेंच लिहिलें नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं किकेरोचा एक ग्रंथ वाचून त्यास सत्याची ओढ लागली. पण बायबल उघडतां त्याची भाषा त्या वक्तृत्वपटूस गांवढळ वाटली आणि तो मानी पंथाच्या नादीं लागला. मोनिकेचीं आसवें, रोमचा प्रवास, मिलान येथें संत आम्ब्रोज ह्यांची भेट, हें सर्व आमच्या वाचकांनीं प्रवचनांतून ऐकलेंच आहे. मिलान येथें लग्नाची बोलणीं सुरू झालीं, तेव्हां ती स्त्री आपल्या मुलास बापाकडे ठेवून आफ्रिकेस परत गेली. दुसऱ्या कोणाही पुरुषाबरोबर राहणार नाहीं असा तिनें नवस केला, आणि आगुस्तीनांस तसें धैर्य झालें नाहीं, हें त्यांनींच लाजून लिहिलें आहे.

इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं बिशप आम्ब्रोज ह्यांनीं आगुस्तीनांस बाप्तिस्मा दिला. त्यांच्या शेजारीं पंधरा वर्षांचा अदेओदातुसही होता. आफ्रिकेस परततांना ओस्तिया बंदरांत मोनिका वारली. तिचा प्राण जातांच अदेओदातुसानें हंबरडा फोडला आणि सर्वांनीं त्यास गप्प केलें. आगुस्तीनही आंतून फुटत होते, पण त्यांनीं डोळे कोरडे ठेविले. आपल्या मनांतही त्या वेळीं एक पोर रडूं पाहत होतें आणि तेंही असेंच दाबलें गेलें, असें त्यांनीं लिहिलें आहे. ते एकटेच मोकळेपणानें रडले, तें दफनानंतर, झोपेंतून उठल्यावर.

तागास्त्यास परत आल्यावर पितापुत्र एकत्र राहिले. तेथें आगुस्तीनांनीं दे माजिस्त्रो, म्हणजे गुरूविषयीं, नांवाचा एक लहान ग्रंथ रचिला. बाप व मुलगा ह्यांचा तो संवाद आहे. शब्दांनीं मनुष्य खरोखर कांहीं शिकतो काय, हा त्याचा विषय. गुरूचे शब्द ही केवळ खूण, आंत बसलेला ख्रिस्त हाच खरा शिकविणारा, असें त्यांत ठरतें. शब्दांपायीं लहानपणीं ज्याच्या पाठीवर वेत उडाले, त्यानें हें लिहिलें! मुलगा त्यांत कांहीं ठिकाणीं चुकतो, कांहीं ठिकाणीं हट्टानें वाद घालतो, क्वचित् बापास अडवितोही. आणि बाप थांबून त्याचें ऐकतो. ह्या संवादांतील मुलाच्या तोंडचे विचार सोळा वर्षांच्या अदेओदातुसाचेच आहेत, अशी ग्वाही आगुस्तीनांनीं कन्फेशन्समध्यें देवापुढें दिली आहे, आणि त्याच्या बुद्धीपुढें आपण चकित होत असूं असेंही म्हटलें आहे.

त्यानंतर थोड्याच काळानें तो मुलगा मरण पावला. इ. स. ३९१ मध्यें आगुस्तीन हिप्पो येथें धर्मगुरु झाले, पुढें बिशप झाले, आणि ४३० सालीं वारले. त्यांचे ग्रंथ अगणित आहेत. पण मुलाबरोबरच्या त्या लहान पुस्तकांत शेवटचें भाषण बापाचें नाहीं. तें अदेओदातुसाचें आहे.